लंडनचं धुकं कशाला? आपला कूलर आहे ना!

थ्रिलर लिहायची खाज अनेकांना असते. प्लॉट मात्र सुचत नाही, कारण आपण तो लांब कुठेतरी शोधत बसतो. जरीपटक्यातल्या एखाद्या गल्लीत उभं राहून बघा. रहस्य समोरच दिसेल.

दोस्तहो, प्रत्येक कॉलेजात, प्रत्येक वर्गात असा एक जण तरी असतोच. किंवा असतेच. मोबाइलच्या नोट्समध्ये अर्धीमुर्धी थ्रिलर कादंबरी लिहून ठेवलेली असते. ती कुणाला दाखवायची नाही. दाखवलीच, तर 'थांब, अजून एडिट करायचंय' म्हणत फोन परत ओढून घ्यायचा.

या कादंबऱ्यांत काय असतं, ते न वाचताही सांगता येतं. एक हिल स्टेशन. दाट धुकं. धुक्यात जुना बंगला. बंगल्यात श्रीमंत म्हातारा, त्याचे पाच लोभी नातेवाईक आणि एक गूढ नोकर. तपासाला येणारा डिटेक्टिव्ह लांब कोट घालतो आणि त्याचं आडनाव रॉय नाहीतर मल्होत्रा असतं.

आता खरं सांगा, नागपुरात लांब कोट घालून कोण फिरतं? मे महिन्यात त्या डिटेक्टिव्हला इंदोरा चौकात पाच मिनिटं उभं केलं, तर तपास राहील बाजूला, आधी त्यालाच लिंबूपाणी पाजावं लागेल!

गंमत सोडा. मुद्दा साधा आहे. रहस्यकथा उभी राहते ती बारीक, खऱ्या, तपासता येण्याजोग्या तपशिलांवर. आणि असे तपशील आपल्याला फक्त आपल्या ओळखीच्या जागेचे माहीत असतात. लंडनचं धुकं आपण सिनेमात पाहिलंय, कूलरचा आवाज मात्र आयुष्यभर ऐकलाय. मग लिहायचं कशावर?

टाकी कुणी भरली?

एक कोडं घालून बघू. अगदी काल्पनिक.

मे महिना. जरीपटक्यातलं एक दुमजली घर. तळमजल्यावर घरातले म्हातारे दुकानदार एकटे झोपतात. सकाळी सात वाजता दार वाजवलं, आतून उत्तर नाही. दार तोडलं, तर ते मृत. आतून कडी. खिडकीत कूलर, रात्रभर चालू. घरातले सगळे सांगतात, 'आम्ही रात्री दहाला झोपलो. सातपर्यंत त्या बाजूला कुणी फिरकलंच नाही.' रात्री काही आवाज आला का? नाही. कूलर सुरू असताना शेजारच्या खोलीतली वरात ऐकू येत नाही, हे कुणाही नागपूरकराला पटेल.

वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी बी.एस्सी.ची विद्यार्थिनी गर्दीत उभी असते. तिचं लक्ष कूलरकडे जातं. टाकी काठोकाठ भरलेली आहे.

आता विचार करा. मे महिन्यात रात्रभर चाललेल्या कूलरची टाकी सकाळी सातला भरलेली कशी असेल? ती तळाला गेलेली हवी. म्हणजे पहाटे नळ आले तेव्हा कुणीतरी पाइप लावून ती भरली. आणि टाकी भरायची, तर खिडकीबाहेर उभं राहावं लागतं. खिडकीबाहेर उभं राहिलं, की आतलं दिसतं.

म्हणजे पहाटे पाच वाजता घरातल्या एका माणसाने सगळं पाहिलं होतं. आणि तो माणूस सातपर्यंत गप्प बसला. नंतर खोटंही बोलला. हा माणूस खुनी असेलच असं नाही. मग तो गप्प का बसला?

बघा, एका टाकीने तीन कामं केली. पुरावा दिला, खोटं उघडं पाडलं आणि नवा प्रश्न उभा केला. चांगला क्लू हेच करतो. तो आकाशातून पडत नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो, रोजचा असतो, म्हणून दिसत नाही. लंडनच्या लेखकाला हा क्लू सुचणं अवघड आहे. तुम्हाला सुचू शकतो, कारण उन्हाळ्यात टाकी भरायचा नंबर तुमचाही लागतो.

आणखी एक बघा. शरीर थंड किती झालं, यावरून मृत्यूची वेळ काढतात, हे आपण मालिकांमधून शिकलो. पण शरीराचं तापमान असतं साधारण ३७ अंश. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. गच्चीखालच्या बंद खोलीत शरीर थंड होणार तरी कसं? तिथे ते गणितच कोलमडतं. कूलर रात्री कुणी बंद केला, कधी केला, यावरून अख्खा तपास चुकू शकतो. हा प्लॉट आपल्याला हवामानाने फुकटात दिलाय.

वाचकाला फसवा, पण प्रामाणिकपणे

रहस्यकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातला खेळ आहे. लेखकाने वाचकाला चकवायचं, पण पत्ते लपवायचे नाहीत. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने त्यासाठी दहा नियम लिहिले. तो धर्मगुरूही होता, म्हणून त्यांना गमतीने 'दहा आज्ञा' म्हणतात. गुन्हेगार कथेत लवकर दिसलेला हवा. तपास करणाऱ्याला सापडलेला प्रत्येक क्लू वाचकालाही दिसला पाहिजे. योगायोगाने किंवा 'मला आतून वाटलं' म्हणून रहस्य सुटता कामा नये. शेवटच्या पानावर अचानक जुळा भाऊ आणायचा नाही.

आपल्याकडच्या किती वेबसिरीज या परीक्षेत पास होतील? सातव्या भागापर्यंत ज्याचं नावही घेतलं नाही, तो आठव्या भागात खुनी निघतो. आपल्याला धक्का बसतो खरा, पण मजा येत नाही. फसवल्यासारखं वाटतं.

अगाथा ख्रिस्ती मोठी ठरते ती इथेच. तिची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' ही कादंबरी १९२६ मध्ये आली आणि तिच्या शेवटावरून वाद झाला. अनेकांना वाटलं, हा चीटिंगचा प्रकार आहे. पण पुस्तक पुन्हा वाचलं, की कळतं, सगळं लिहिलेलं होतं. आपणच नीट पाहिलं नाही. शेवट इथे सांगत नाही, स्पॉयलरचं पाप नको. वाचली नसेल तर वाचा आणि लगेच दुसऱ्यांदा वाचा. रहस्यकथा लिहायला शिकवणारा यापेक्षा स्वस्त कोर्स नाही.

तिच्याबद्दल आणखी एक गोष्ट. पहिल्या महायुद्धाच्या काळात ती इस्पितळाच्या औषधालयात काम करायची. विषांची माहिती तिला तिथे मिळाली आणि ती तिने आयुष्यभर वापरली. म्हणजे ती सुद्धा ओळखीच्याच जागेतून लिहीत होती. तुमची ओळखीची जागा कोणती? घरचं मेडिकल स्टोअर? काकांचं मोबाइल रिपेअरिंग? मावशीचं ब्यूटी पार्लर? तिथे रोज काय घडतं, कोण कधी येतं, हिशेबाची वही कुठे असते, हे तुम्हाला पाठ असतं. तेच तुमचं भांडवल.

आपले बाबुराव, आपले सुशि

'मराठीत थ्रिलर चालत नाही' असं कुणी म्हटलं, की त्याला बाबुराव अर्नाळकरांचं नाव सांगा. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६, निधन १९९६. एक हजाराहून जास्त रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. काळापहाड, झुंजार, धनंजय ही त्यांची पात्रं. तुमच्या आजोबांना यातलं एक नाव घेऊन बघा, चेहरा उजळतो की नाही ते पाहा. गोव्याचे गुरुनाथ नाईक यांच्या नावावर बाराशेच्या आसपास कादंबऱ्या आहेत. ते २०२१ मध्ये गेले. 'दुनियादारी' सिनेमामुळे तुम्हाला माहीत असलेले सुहास शिरवळकर, म्हणजे सुशि, त्यांनीही दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास असे नायक घेऊन रहस्यकथांचा मोठा पसारा उभा केला. भयकथेत नारायण धारप होते. 'तुंबाड'चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना धारपांची एक कथा मित्राने सांगितली, ती आपल्या विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात. त्या बीजातून पुढे २०१८ चा सिनेमा आला.

ही मंडळी लायब्ररीत रांगा लावून वाचली जायची. तरी साहित्याच्या पंक्तीत त्यांना मागच्या पाटावर बसवलं गेलं. 'टाइमपास' हा शिक्का बसला. नंतर टीव्ही आला, मोबाइल आला आणि वाचणाऱ्यांची पुढची पिढी दुसरीकडे गेली. आज तुमच्यातले बहुतेक जण थ्रिलर बघतात हिंदीत, कोरियन भाषेत नाहीतर इंग्रजीत. मराठीत ऐकायला मिळते ती ऑडिओबुकवर. ती वाढते आहे, ही चांगली गोष्ट. पण आपल्या गल्लीत घडणारी, आपल्या बोलीत बोलणारी थ्रिलर किती आहेत? बोटांवर मोजा, बोटं उरतील.

अर्नाळकरांकडून वेग शिका. पहिल्याच पानावर काहीतरी घडलं पाहिजे. प्रकरण संपताना पान उलटावंसं वाटलं पाहिजे. सुशिंकडून संवाद शिका. पण त्यांची नक्कल करू नका. त्या नायकांच्या काळात एका मुखवट्याने सगळी ओळख लपायची. आज तुमचा नायक चहाचे पैसे यूपीआयने देतो आणि कुठे होता, किती वाजता होता, हे मागे सोडून जातो. त्याला लपवायचं कसं, हा तुमचा प्रश्न आहे.

धक्का स्वस्त, धाकधूक महाग

हिचकॉक या दिग्दर्शकाने सस्पेन्सचा फरक एका उदाहरणाने समजावला होता. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि प्रेक्षकाला ते माहीत नाही. स्फोट झाला, तर पंधरा सेकंदांचा धक्का. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत आहे आणि टेबलावर बसलेले लोक निवांत गप्पा मारतायत. मग पंधरा मिनिटांची धाकधूक.

हे आपल्या मेट्रोत आणून बघा. इंदोरा चौकातून ऑरेंज लाइनच्या मेट्रोत एक मुलगी बसते. तिच्याकडे मित्राने दिलेलं पाकीट आहे. 'फक्त सीताबर्डीला एकाला दे' एवढंच त्याने सांगितलंय. आत उद्याच्या परीक्षेची फुटलेली प्रश्नपत्रिका आहे, हे वाचकाला माहीत आहे. तिला नाही. समोरच्या सीटवर तिचेच सर बसलेत आणि आपुलकीने विचारतात, 'काय गं, अभ्यास झाला का?' कडबी चौक, गड्डीगोदाम, कस्तुरचंद पार्क, झीरो माइल. एकेक स्टेशन येतं आणि वाचकाचा जीव खालीवर होतो. ना पिस्तूल, ना रक्त.

गड्डीगोदामची जागा तर थ्रिलरसाठीच बांधल्यासारखी आहे. खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. पाठलाग करणारा खालच्या ट्रॅफिकमध्ये अडकलाय आणि ज्याला पकडायचंय, तो डोक्यावरून निघून चाललाय. असा सीन लिहायला न्यूयॉर्कला कशाला जायचं?

खुनी कोण हे आधीच सांगूनही रहस्य रंगतं, हेही लक्षात ठेवा. जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'मध्ये खून सुरुवातीलाच आपल्यासमोर होतो. 'दृश्यम'मध्येही तेच. प्रश्न 'कोणी केलं' हा नसतो, 'हे लपणार कसं' हा असतो. आणि तरी शेवटी आपण चकतो.

पोलिसांचं काम जरा समजून घ्या

मराठी-हिंदी थ्रिलरमधला ठरलेला शेवट म्हणजे इन्स्पेक्टर टेबलावर हात आपटतो, गुन्हेगार घडाघडा कबुली देतो आणि केस संपते. प्रत्यक्षात पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. त्याच्या बोलण्यामुळे एखादी वस्तू किंवा गोष्ट सापडली, तर बोलण्याचा तेवढाच भाग चालतो. 'मी मारलं' हे चालत नाही, 'चाकू नाल्याच्या पुलाखाली टाकला' हे चालतं, तेही चाकू तिथे सापडला तर.

लेखकासाठी हा नियम म्हणजे खजिना आहे. सगळ्यांना माहीत आहे की गुन्हा यानेच केला. त्याने कबूलही केलंय. पण चाकू सापडत नाही. आता तपास अधिकाऱ्याने करायचं काय? आरोपीला अटकेनंतर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं आहे. घड्याळ सुरू झालं!

पंचनामा म्हणजे काय, पंच कोण होतात, पोस्टमॉर्टेमसाठी मृतदेह कुठे नेतात, न्यायसहायक प्रयोगशाळेत काय पाठवतात, हे जाणून घ्या. अशी प्रादेशिक प्रयोगशाळा नागपुरातच आहे. लॉच्या मित्राला चहा पाजा आणि विचारा. जिल्हा न्यायालयात खुल्या सुनावणीला मागच्या बाकावर शांत बसून ऐका. एका दिवसात जे संवाद कानावर पडतील, ते दहा वेबसिरीज बघून मिळणार नाहीत.

बोलीसुद्धा पुरावा असते

जरीपटका हे नावच बघा. जरीपटका म्हणजे मराठ्यांचं जरीचं निशाण. नाव मराठी इतिहासातलं. पण १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी ही वस्ती गजबजवली. शेजारी इंदोरा, आंबेडकरी चळवळीचा बालेकिल्ला. एका चौकात सिंधी, हिंदी, नागपुरी मराठी, मध्येच पंजाबी. दालपकवानच्या गाडीवर 'साईं' म्हणणारा माणूस दुसऱ्या मिनिटाला मराठीत भाव सांगतो.

हे फक्त रंग भरण्यापुरतं वापरू नका. याचा क्लू करा. समजा, पळून गेलेल्या मुलाच्या फोनवरून घरी मेसेज येतो, 'मी ठीक आहे. तुम्ही काय करताय? काळजी करू नका.' आई म्हणते, हा माझ्या पोराने लिहिलेलाच नाही. कारण तो आयुष्यात कधी 'काय करताय' म्हणाला नाही. तो म्हणतो, 'काय करून राहिले?' एका क्रियापदात कळतं, की फोन दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे आणि तो माणूस इकडचा नाही. पुण्या-मुंबईच्या लेखकाला हा क्लू सुचेल? तुमच्या बोलीची लाज वाटून तुम्ही ती 'शुद्ध' करत बसलात, तर हातातला पुरावा स्वतःच पुसून टाकाल.

गुन्ह्यामागचं कारणही इथल्याच मातीत आहे. फाळणीत लोक घरं, दुकानं, जमिनी मागे टाकून आले. त्या मालमत्तेपोटी नंतर सरकारकडे क्लेम दाखल झाले. कुणाकडे कागद होते, कुणाचे वाटेत हरवले. अशा एखाद्या काल्पनिक कुटुंबाच्या ट्रंकेत सत्तर वर्षांपूर्वीचा एक कागद सापडतो आणि त्यावरचं नाव आजोबांचं नसतंच. मग आजोबा कोण होते? रहस्य म्हणजे दर वेळी मृतदेह हवाच असं थोडंच आहे?

आणि आता अवघड गोष्ट

हे सगळं झालं तंत्र. पण जरीपटक्याचं नाव घेऊन गुन्ह्यावर लिहायचं, तर एक तारीख टाळता येणार नाही. १३ ऑगस्ट २००४.

त्या दिवशी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात अक्कू यादव या गुंडाला आणलं होतं. जरीपटका परिसरातल्या कस्तुरबानगर या कष्टकरी वस्तीवर त्याची अनेक वर्षं दहशत होती. खून, खंडणी, बायकांवर अत्याचार. पोलिस आमच्या तक्रारी ऐकत नाहीत, असं वस्तीचं म्हणणं होतं. तो सुटून परत येणार, या भीतीने पेटलेल्या बायकांचा जमाव न्यायालयात घुसला आणि तिथेच तो मारला गेला. बातम्यांतून 'दोनशे महिला' हा आकडा जगभर गेला. अटक करायची तर आम्हा सगळ्यांना करा, असं त्या म्हणाल्या. खटला दहा वर्षं चालला आणि २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले.

यावर २०२१ मध्ये 'टू हंड्रेड : हल्ला हो' हा सिनेमा आला, त्यात रिंकू राजगुरू होती. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर माहितीपट मालिका आली. म्हणजे ज्या गल्ल्यांमधून तुम्ही रोज कॉलेजला जाता, तिथली गोष्ट जगाने पाहिली.

लेखक म्हणून या घटनेकडे बघा. 'कोणी केलं' हा रहस्यकथेचा लाडका प्रश्न इथे दुबळा पडतो. दिवसाढवळ्या, न्यायालयात, माणसांसमोर घडलं आणि तरी कायद्याला नेमके हात सापडले नाहीत. त्याहून मोठा प्रश्न त्या दिवसाच्या आधीच्या वर्षांचा आहे. इतकी वर्षं सगळ्यांना सगळं माहीत असताना कुणाचा आवाज का पोहोचला नाही? कोण घाबरून गप्प होतं, कोण सोयीने गप्प होतं आणि कोण बोलत होतं पण ऐकायलाच कुणी नव्हतं?

आम्हाला वाटतं, चांगल्या रहस्यकथेचा गाभा हाच आहे. गुन्हा एक माणूस करतो, पण तो लपतो अनेकांच्या गप्प बसण्यामुळे. मघाच्या कोड्यातला टाकी भरणारा माणूस आठवा. तो का बोलला नाही, हे शोधताना घरातल्या भीतीचा, पैशाचा, मानापमानाचा सगळा नकाशा उलगडतो. खुनी सापडणं हे निमित्त. नकाशा सापडणं हे खरं.

पण इथेच सांभाळायचंही आहे. कस्तुरबानगरच्या बायका ही कुणाच्या कादंबरीतली पात्रं नाहीत. ज्यांनी सोसलं, त्या आजही आपल्याच शहरात राहतात. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा नसता, तरी ते करायचं नसतं. कुणाच्या जखमेचं बारीक वर्णन करून थरार वाढवायचा, हा आळशी लेखकाचा मार्ग झाला. जमावाने मारलं म्हणून टाळ्या वाजवणं सोपं, 'कायदा हातात घेतला' म्हणून नाक मुरडणंही सोपं. तुमचं काम या दोन्हींच्या मधल्या अंधारात थांबायचं आहे. खऱ्या घटनेतून प्रश्न घ्या. माणसं, नावं, घरं, जखमा घेऊ नका. प्रश्न खरा असेल, तर काल्पनिक माणसंही खरी वाटतात.

तर मग, सुरू कसं करायचं?

आधी शेवट ठरवा. रहस्यकथेत दोन गोष्टी असतात. एक, प्रत्यक्षात काय घडलं ती. दुसरी, ते कसं उलगडलं ती. पहिली आधी पूर्ण लिहून काढा, दोन पानांत, तारीख-वेळेसह. रात्री दहाला कोण कुठे होतं, पहाटे पाचला नळ आले तेव्हा कोण जागं होतं. ही दोन पानं वाचकाला कधीच दाखवायची नाहीत. पण ती नसतील, तर दीडशेव्या पानावर तुमचाच गोंधळ होईल.

मग तीन क्लू निवडा. एक वस्तूचा, एक बोलण्याचा, एक सवयीचा. प्रत्येक क्लू एकदा साध्या कामाच्या आड लपवून दाखवा. टाकी भरलेली आहे हे सांगा, पण त्याच वाक्यात रडणारी सून, तोडलेलं दार आणि बघ्यांची गर्दीही असू द्या. वाचक गर्दीकडे बघेल.

खोटे क्लू ठेवा, पण त्यांनाही स्वतःचं कारण द्या. संशयित रात्री बाहेर होता, कारण तो चोरून कॉल सेंटरमध्ये काम करतो आणि घरी सांगितलेलं नाही. त्याचंही रहस्य सुटलं, की वाचकाला ठकवल्यासारखं वाटत नाही.

चॅटबॉटला प्लॉट विचाराल, तर तो धुकं आणि बंगला पटकन देईल. तुमच्या गल्लीत नळ किती वाजता येतात आणि ते येण्याआधी कोण उठून बसलेलं असतं, हे शोधायला तुम्हालाच पहाटे उठावं लागेल.

आणि पहिला मसुदा पूर्ण करा. वाईट असला तरी करा. रोज तीनशे शब्द लिहिले, तर सहा महिन्यांत पन्नास हजारांच्या पुढे जाल. तेवढ्यात छोटी कादंबरी होते. एका मित्राला वाचायला द्या आणि एकच प्रश्न विचारा, 'कितव्या पानावर ओळखलंस?' त्याने विसाव्या पानावर ओळखलं, तर क्लू जास्त झाले. शेवटपर्यंत ओळखलं नाही आणि चिडला, तर कमी झाले. शेवटपर्यंत ओळखलं नाही आणि लगेच मागची पानं चाळायला लागला, तर जमलं!

येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हे करून बघा. दिवसा बाहेर पडता येत नाही, कूलरसमोर बसायचंच आहे. आपल्या मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत असलेली आणि कुणीच न बोलणारी एक गोष्ट नक्की असते. तिच्यापासून सुरुवात करा. नावं बदला, घर बदला, पण ती शांतता तशीच ठेवा. थ्रिलर तिथेच सुरू होते.